द्राक्षाला वायनरी, मोहाला भट्टी

नाशिक-नारायणगावकडची द्राक्षतोडणी मार्चच्या सुमारास उरकते, तेव्हा आमच्या भंडारा जिल्ह्यात मोह फुलू लागतो. साकोली-लाखनीकडच्या जंगलात पहाटे झाडाखाली फुलांचा सडा पडतो. ती वेचून, अंगणात वाळवून बाया वर्षभराची बेगमी करतात. वाइनचा इतिहास वाचताना मला सतत हे अंगण दिसत राहिले.

मुळात दोन्हीकडे काम एकच, साखरेचे मद्य करणे. ते करतो यीस्ट हा सूक्ष्मजीव. वाइनसाठी द्राक्षे चिरडतात. लाल वाइनचा रस सालींसह आंबवतात, पांढरीचा साली काढून. काही दिवसांत साखर संपते, गाळ खाली बसतो. वरचा द्रव काढून टाकीत किंवा लाकडी पिंपात मुरवतात. मद्यार्क साधारण १२-१३ टक्के. वाइन उकळून गाळत नाहीत.

मोहफुलातही साखर भरपूर. पण वाळलेल्या फुलात रस नसतो. म्हणून ती पाण्यात भिजवून आंबवतात. त्याला इकडे 'सडवा' म्हणतात. मग तो तापवून त्याची वाफ थंड करतात, तीच मोहाची दारू. म्हणजे आंबवण्यापर्यंत वाट एक, पुढे फुटते.

कायद्याची वाट मात्र फुलापासूनच वेगळी झाली. मुंबई इलाख्यात १८९२ मध्ये खास मोहफुलांसाठी कायदा झाला आणि ठाणे-कुलाब्याकडे फूल जवळ बाळगण्यावरच बंधने आली. घरोघरी दारू निघाली, तर आबकारीचे उत्पन्न बुडते, हे त्यामागचे मुख्य कारण. भंडारा तेव्हा मध्य प्रांतात होता. तिथेही भट्टीचा हक्क लिलावाने ठेकेदाराकडे जाई. फूल वेचणारा आपल्याच फुलाचे मद्य विकत घेणारा गिऱ्हाईक झाला. स्वातंत्र्यानंतरच्या १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्यातही मोहफुलावर निर्बंध राहिले.

द्राक्षाचे नशीब निराळे. १९८० च्या दशकात नारायणगावला वाइन उद्योग उभा राहिला, पुढे नाशिकला. २००१ मध्ये राज्याने द्राक्षप्रक्रिया उद्योगाचे धोरण आणून वाइनला उत्पादन शुल्कात सवलत दिली. कारण सांगितले गेले शेतकऱ्याच्या मालाला भाव. मोहफुलाच्या संकलन-वाहतुकीवरचे निर्बंध सैल व्हायला २०२१ उजाडले.

याचा अर्थ हातभट्टीचे गोडवे गावेत असा नाही. तिच्यापायी किती संसार मोडले, हे इथल्या बायांना विचारावे. शेजारच्या गडचिरोलीत १९९३ ची दारूबंदी लोकांच्या चळवळीतूनच आली. पण गोव्याच्या काजूफेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. तीही भट्टीतूनच निघते. म्हणजे प्रश्न केवळ भट्टीचा नव्हता. नियमन, दर्जा आणि मालकी कुणाच्या हाती, याचा होता.

जुनी वर्तमानपत्रे चाळताना 'मोहफुलाचा सडवा नष्ट' ही ओळ मला शेकड्यांनी भेटली. आंबलेल्या द्राक्षरसाला मात्र कुणी सडवा म्हणत नाही. हा शब्दांतला भेद आपण इतकी वर्षे वस्तूतला भेद समजत आलो. उद्या मोहाचे धोरण आखताना टाकी कुणाची, हे विचारण्याआधी पहाटे फूल वेचणारीचा वाटा किती, हे ठरवावे लागेल. नाहीतर ठेकेदाराचे फक्त नाव बदलेल.