शेवटचे सहा किलोमीटर



मागच्या आठवड्यात आमच्या बिल्डिंगच्या खाली दोन शेजाऱ्यांचा वाद रंगला होता. विमानतळाची मेट्रो रायदुर्गवरून न्यायला हवी होती की नागोलवरून नेतायत तेच बरोबर? मी भाजीची पिशवी घेऊन उभा होतो. म्हटलं, "अहो, शमशाबादला रेल्वे शंभर वर्षांपासून जाऊन राहिली आहे, आणि तीही आपल्या काचीगुड्यावरून." दोघंही माझ्याकडे बघतच राहिले. तेव्हा वाटलं, हे एकदा सविस्तर लिहावं. आपल्या हैदराबादी मराठी घरांतल्या नव्या पिढीला तरी कळेल.

आपल्या शहरात रेल्वे आली १८७४ साली, सालारजंगांच्या काळात, वाडीहून. त्या गाडीनं मुंबई जोडली गेली. १९००च्या सुमारास मनमाडची मीटरगेज लाईन झाली. औरंगाबाद, जालना, परभणी, नांदेड अशी ती आली आणि आपल्यातली निम्मीअधिक घरं त्याच लाईननं इकडे आली. माझे आजोबा परभणीहून एक ट्रंक, एक वळकटी आणि मामलेदार कचेरीतल्या कुणाची तरी चिठ्ठी घेऊन आले होते, असं घरात सांगत. पुढे १९१६ साली काचीगुड्याचं ते घुमटांचं स्टेशन उभं राहिलं आणि त्याच सुमारास महबूबनगर, गदवालकडे लाईन गेली. या दक्षिणेच्या लाईनीवर फलकनुमा सोडल्यावर शमशाबाद लागतं. तिथल्या स्टेशनाचं नाव उमदानगर. लहानपणी आम्हाला ते नावही ठाऊक नव्हतं. उतरायचं काही कारणच नव्हतं ना! सीताफळाच्या टोपल्या चढायच्या आणि गाडी पुढे जायची.

माझे वडील निजाम स्टेट रेल्वेच्या हिशेब खात्यात कारकून होते. १९५१ला ती रेल्वे मध्य रेल्वेत गेली आणि १९६६ला दक्षिण मध्य रेल्वे झाली, तरी दादांच्या तोंडी शेवटपर्यंत 'एनएसआर'च होतं. ते एक गोष्ट नेहमी सांगत. १९३२ साली या रेल्वेनं स्वतःची बससेवा काढली, सत्तावीस बसगाड्यांनी. आजच्या आर्टीशीचं मूळ ते. त्याच दशकात बेगमपेटला विमानतळ झाला. पुढे चाळीसच्या दशकात निजाम सरकार आणि टाटा यांच्या भागीदारीत डेक्कन एअरवेज निघाली. १९५३च्या राष्ट्रीयीकरणात ती इंडियन एअरलाइन्समध्ये विलीन झाली. म्हणजे रेल्वे सरकारची, बस रेल्वेची आणि विमान कंपनीत मोठा वाटा पुन्हा सरकारचाच.

निजामाचे गोडवे गायला मी बसलेलो नाही. रझाकारांच्या दिवसांत माझी आजी दोन मुलांना घेऊन वाडीच्या गाडीनं सोलापूरला निघून गेली होती, ती पोलीस ॲक्शननंतरच परतली. आणि डेक्कन एअरवेजच्या विमानात आपल्यापैकी कोण बसत होतं? आपण थर्ड क्लासवाले. पण प्रवास कुठून सुरू होतो आणि कुठे संपतो, हे तेव्हा एका जागी बसून ठरवता येत होतं, एवढंच मला म्हणायचं आहे.

बेगमपेटच्या आठवणी तर प्रत्येक घरात असतील. १९७८ साली माझा चुलतभाऊ नोकरीसाठी मस्कतला निघाला. त्याला पोचवायला आम्ही चौदा जण गेलो होतो, काही सिटी बसनं, काही रिक्षानं. काकूनं दह्याची वाटी फडक्यात बांधून थेट विमानतळावर नेली आणि आत जाताना त्याच्या हातावर दही घातलं. शहराच्या मध्यातच विमानतळ, त्यामुळे निरोपाला सगळं घर जाऊ शकत होतं. २००३च्या ऑगस्टमध्ये एमएमटीएस सुरू झाली तेव्हा तर बेगमपेट स्टेशनवर उतरून रिक्षात बसलं की पाच-दहा मिनिटांत विमानतळ. म्हणजे हैदराबादला विमानतळाची लोकल एकदा मिळाली होती. साडेचार वर्षं. आपल्याला ते कळलंही नाही.

२३ मार्च २००८ला बेगमपेट प्रवाशांसाठी बंद झालं आणि शमशाबाद सुरू झालं. साडेपाच हजार एकरांच्या आसपास जागा, सुंदर इमारत, सगळं मान्य. पण शहरापासून वीस-पंचवीस किलोमीटर. २००९ला मेहदीपटणम ते आरामघर साडेअकरा किलोमीटरचा उड्डाणमार्ग झाला, त्याला पी. व्ही. नरसिंह राव यांचं नाव दिलं. पी. व्हीं.नी आपल्या हरिभाऊ आपट्यांच्या 'पण लक्षात कोण घेतो' या कादंबरीचा तेलुगूत अनुवाद केला होता, हे किती जणांना माहीत आहे? त्या रस्त्यावरून जाताना मला हटकून ते शीर्षक आठवतं. रस्ता मोटारवाल्यांसाठी उत्तम झाला. पुष्पक बसही सुरू झाल्या. रेल्वेचं मात्र कुणी लक्षात घेतलं नाही.

अगदीच घेतलं नाही असंही नाही. २०१२-१३ साली मंजूर झालेल्या एमएमटीएसच्या दुसऱ्या टप्प्यात फलकनुमा ते उमदानगर चौदा किलोमीटर आणि तिथून विमानतळापर्यंत सहा किलोमीटर असा आराखडा होता. त्यातलं उमदानगरपर्यंतचं काम झालं. एप्रिल २०२३मध्ये पंतप्रधानांनी सिकंदराबादला नव्या एमएमटीएस गाड्यांना झेंडा दाखवला आणि महबूबनगरपर्यंतच्या पंच्याऐंशी किलोमीटरच्या दुहेरी मार्गाचं लोकार्पण केलं. तो सहा किलोमीटरचा तुकडा तेवढा मागे राहिला.

त्या वर्षी दिवाळीला मुलगी येणार होती. मी ठरवलं, यावेळी आपण तिला आणायला रेल्वेनं जायचं. सौ. म्हणाली, "डोकं ठिकाणावर आहे ना? तिचं विमान रात्री दोनला." म्हणून आधी दुपारीच एकटा रंगीत तालीम करायला निघालो. काचीगुड्याहून एमएमटीएसमध्ये बसलो. मलकपेट, याकुतपुरा, फलकनुमा करत गाडी आरामात उमदानगरला पोचली. तिकीट अगदी किरकोळ, खिडकीची जागा, वर डोक्यावरून उतरणारी विमानं दिसत होती. मी लहान मुलासारखा खूश.

स्टेशनबाहेर आलो आणि खुशी संपली. विमानतळाची पाटी नाही, बस उभी नाही. एक रिक्षावाला म्हणाला, "चाचा, उधर से खाली आना पडता, दो सौ होते." माझ्याबरोबर उतरलेला एक मुलगा म्हणाला, "काका, मराठी आहात का? थांबा, आपण तिघं-चौघं मिळून जाऊ." उदगीरचा होता, विमानतळावर माल चढवण्या-उतरवण्याचं काम करायचा. संध्याकाळच्या पाळीला येताना शेअर रिक्षा मिळते, पण रात्री बाराला सुटल्यावर गाडी नसते, म्हणाला. मग चौघं मिळून चंद्रायनगुट्ट्यापर्यंत कशीबशी सोय करतात. "पगाराचा आठवा हिस्सा जाण्यायेण्यात जातो, काका." बँकेत आयुष्य घालवलेल्या माणसाला असा हिशेब लगेच कळतो.

विमानतळाची रेल्वे म्हटली की आपल्याला सुटकेस ओढणारा प्रवासी दिसतो. पण तो प्रवासी वर्षातून दोनदा जातो. झाडणारे, सामान उचलणारे, चहा विकणारे, पहारा देणारे रोज जातात. सहा किलोमीटरचा खरा भार त्यांच्या खिशावर आहे.

आता मेट्रोचं. ९ डिसेंबर २०२२ला त्या वेळचे मुख्यमंत्री चंद्रशेखर राव यांनी रायदुर्ग ते शमशाबाद अशा एकतीस किलोमीटरच्या मार्गाची कोनशिला बसवली. खर्च सहा हजार दोनशे पन्नास कोटी. वर्षभरात सरकार बदललं, रेवंत रेड्डींनी तो मार्ग बाजूला ठेवला आणि नागोल, एल. बी. नगर, चंद्रायनगुट्टा, आरामघर असा सुमारे सदतीस किलोमीटरचा मार्ग पुढे आणला. २०२४ला तो केंद्राच्या मंजुरीसाठी गेला. माझ्या मते हा दुसरा मार्ग जास्त न्यायाचा आहे, कारण जुन्या शहराच्या बाजूची माणसं त्यात येतात. रायदुर्गचा मार्ग मुख्यतः आयटीवाल्यांच्या सोयीचा. पण मेट्रोचे सदतीस किलोमीटर व्हायचे तेव्हा होतील. रेल्वेचे सहा व्हायला काय हरकत आहे? निदान प्रत्येक गाडीला जोडून स्टेशनबाहेर एक बस?

आमच्या बँकेत एक जुनं दुखणं होतं, शाखांमधल्या नोंदींचा मेळ. एका शाखेनं रक्कम पाठवली, तिच्या वहीत खर्ची पडली, दुसऱ्या शाखेत जमाच नाही. दोन्ही शाखांचे हिशेब आपापल्या जागी बरोबर. पैसा मात्र मधेच लटकलेला. उमदानगरचं तसंच झालंय. रेल्वे म्हणते आमची गाडी स्टेशनपर्यंत, विमानतळ म्हणतो आमची हद्द फाटकापासून. मधल्या सहा किलोमीटरची नोंद कुणाच्याच वहीत नाही.

दिवाळीला मुलगी आली. आणायला गेलो नाही. तिनंच बजावलं होतं, "बाबा, एवढ्या रात्री येऊ नका, मी कॅब घेते." पहाटे साडेतीनला आम्ही दोघं फाटकाशी शाली गुंडाळून उभे. जाताना दहीही तिथेच, कॅबच्या दारात. ड्रायव्हर बिचारा इंजिन चालू ठेवून थांबला होता.

बेगमपेटला पोचवायला गेल्याच्या आठवणी तुमच्याही असतील, डेक्कन एअरवेजमध्ये काम केलेलं कुणी घरात असेल, एनएसआरचा जुना पास ट्रंकेत पडला असेल. जरूर लिहा. आणि कुणाची मुलं-नातवंडं रेल्वेत किंवा महापालिकेत असतील, तर त्यांना उमदानगरच्या बसचं एवढं जरूर सांगा.