रोम आणि प्रवाशांची साक्ष

१५ ऑक्टोबर १७६४ च्या सायंकाळीं रोममधील कॅपिटोल टेकडीवर एक सत्तावीस वर्षांचा इंग्रज तरुण भग्नावशेषांत विचारमग्न होऊन बसला होता. ज्युपिटरच्या देवळांत अनवाणी ख्रिस्ती जोगी सायंप्रार्थना गात होते. आणि त्याच क्षणीं या नगरीच्या ऱ्हासाचा इतिहास लिहावा ही कल्पना त्याच्या मनांत उगवली. एडवर्ड गिबननें आत्मचरित्रांत सांगितलेली ही हकीकत सर्वश्रुत आहे. इतकी सुंदर हकीकत तपासून पाहणें जिवावर येतें खरें. पण ती एका इतिहासकाराची आहे, तेव्हां तपासणीबद्दल त्याची तरी तक्रार नसावी.

ही हकीकत त्यानें लिहिली ती सुमारें पंचवीस वर्षांनंतर. आत्मचरित्राचे त्यानें सहा खर्डे केले आणि त्यांत या प्रसंगाचे शब्द बदलत गेले. हा क्षण आपल्या दैनंदिनींत नोंदलेला आहे असें तो एके ठिकाणीं म्हणतो. उपलब्ध दैनंदिनींत तशी नोंद सांपडत नाहीं. शिवाय जोगी गात होते तें आराचेलीचें ख्रिस्तमंदिर टेकडीच्या उत्तर शिखरावर आहे. ज्युपिटरचें मंदिर दक्षिण शिखरावर होतें, हें १९ व्या शतकांतील उत्खननांनीं ठरविलें. अर्थात् ही चूक एकट्या गिबनची नव्हे. त्या काळच्या अनेक पंडितांची समजूत तशीच होती.

मग ही साक्ष खोटी म्हणून टाकून द्यावी काय? आम्हांस तसें वाटत नाहीं. त्याच महिन्याच्या ९ तारखेस गिबननें रोमहून वडिलांस लिहिलेलें पत्र उपलब्ध आहे. आपण जणूं स्वप्नांत आहों, आणि या लोकांच्या थोरवीविषयीं ग्रंथांनीं जें सांगितलें त्याहून हे पडके अवशेष कितीतरी अधिक सांगतात, असा त्यांतील आशय. हें पत्र लिहितांना आपल्या हातून पुढें काय घडणार आहे याची त्यास वार्ताही नव्हती. म्हणूनच त्याचें वजन अधिक. भावना अस्सल, देखावा मागाहून जुळविलेला! आणि जुळविला तोही उगाच नव्हे. ज्युपिटरच्या जागीं जोगी उभे राहिले, हाच तर १७७६ ते १७८८ या काळांत प्रसिद्ध झालेल्या त्याच्या सहा खंडांचा एक मुख्य विषय.

जर्मन कवि गटे १७८६ मध्यें नांव बदलून रोमला आला. बापानें घरीं लावलेलीं रोमचीं चित्रें पाहतच तो वाढला होता. त्याचें प्रवासवर्णन प्रसिद्ध होऊं लागलें तें १८१६ मध्यें, जुन्या पत्रांवर पुष्कळ संस्कार करून. तेव्हां तेथेंही तीच सावधगिरी हवी. फ्रेंच लेखक माँतेन याचें बाळपणचें पहिलें भाषण लॅटिन. पण १५८० च्या अखेरीस तो रोमला पोंचला तेव्हां जकातीच्या नाक्यावर त्याचे ग्रंथच काढून घेतले गेले! पुढें तो म्हणाला तें असें कीं, येथें जुन्या रोमचें आकाश तेवढें दिसतें. बाकी केवळ थडगें. आणि डिकन्स? १८४५ मध्यें त्याला दुरून रोम थेट लंडनसारखें दिसलें, आणि त्यानें तसें लिहून टाकलें. या प्रामाणिकपणाचें आम्हांस फार कौतुक वाटतें.

गिबन ज्या फोरममध्यें हिंडला तें तेव्हां गुरांच्या बाजाराचें मैदान होतें आणि सेव्हेरसची कमान अर्धी मातींत होती. १९ व्या शतकांत ती माती उपसली गेली. आजच्या प्रवाशास सीझरचें रोम गिबनहून पुष्कळ अधिक दिसतें. पण गुरांचें, गवताचें रोम मात्र त्या खणतीबरोबर गेलें. तें आतां चित्रकारांच्या पटांवर आणि या प्रवाशांच्या लिखाणांतच उरलें आहे. रिचर्ड डीकिन नांवाच्या इंग्रज वैद्यानें कलोसियमच्या भिंतींवर उगवणाऱ्या वनस्पतींचा एक ग्रंथ १८५५ मध्यें छापला. त्यांत ४२० जाती नोंदल्या आहेत. १८७० मध्यें रोम इटलीच्या राज्यांत आलें, आणि लौकरच त्या भिंती खरवडून स्वच्छ करण्यांत आल्या.