थापता थापता

माझी अम्मी भाकऱ्या थापता थापता दुरूद पढायची. माझ्या एका कवितेची सुरुवातच तिथून होते. तिचं इंग्रजी भाषांतर हातात आलं, तेव्हा मी नेरूळहून लोकलने निघालो होतो. पहिल्याच ओळीत 'हॅविंग मेड' असं होतं. म्हणजे अम्मीने आधी भाकऱ्या उरकल्या, आणि मग दुरूद. वाशीचा खाडीपूल ओलांडला तरी माझं बोट त्याच ओळीवर. आमच्या अम्मीच्या दिवसात हा 'मग' कधी आलाच नव्हता!

दोन कामं एका वेळी दाखवायला इंग्रजी क्रियापदाला 'इंग' जोडते. शाळेत तर्खडकरांची भाषांतरमाला घोटताना मी लिहिलं होतं, 'वॉकिंग होम, द रेन स्टार्टेड.' सरांनी विचारलं, "घरी कोण चाललं होतं, पाऊस?" इंग्रजीत 'इंग'चा कर्ता आणि वाक्याचा कर्ता एकच लागतो. आपलं 'घरी जाताना पाऊस लागला' मात्र कुणाला खटकत नाही. मराठीची सोय मोठी. 'दार उघडून हसली' म्हणजे आधी दार, मग हसू. 'उघडता उघडता हसली' म्हणजे दोन्ही एकदम. 'मी दार उघडताना ती हसली' इथं तर माणसंच दोन.

हे सगळं आपण कानाने शिकतो. पुस्तकाची गरज पडली ती परक्याला. विल्यम केरीने बंगालातल्या श्रीरामपूरला १८०५ साली मराठीचं व्याकरण छापलं, ते कंपनीच्या इंग्रज नोकरांसाठी; मदतीला वैजनाथ पंडित होते. मराठी मुलांसाठी दादोबा पांडुरंगांनी व्याकरण लिहिलं १८३६ मध्ये, अवघ्या बाविशीत. पुढे १९११ साली मोरो केशव दामल्यांचं जाडजूड 'शास्त्रीय मराठी व्याकरण' आलं. हे दामले म्हणजे केशवसुतांचे भाऊ. एका घरात कवी आणि वैयाकरण! मला या गोष्टीचा उगाच आनंद होतो. कवितेत 'ऊन' की 'ता' याचा निकाल लावायला घरातच माणूस.

माझ्या घरी तो नव्हता. मी भाषांतरकारांना फोन केला. ते म्हणाले, "अहो, अर्थ तर तोच ना?" मी म्हटलं, "नाही. तिला दुरूदसाठी वेगळा वेळ कुठला? सहा पोरं जेवायला बसलेली." पलीकडे थोडा वेळ शांतता. मग त्यांनी 'हॅविंग' काढून 'पॅटिंग' घातलं, आणि अम्मीचे हात पुन्हा पिठात गेले.