ऑफिसमध्ये झटपट नोंदी घेण्यासाठी कोणतं सॉफ्टवेअर निवडावं?

फोन वाजतो, समोरचा माणूस घाईत तीन गोष्टी सांगतो आणि ठेवून देतो. त्या तीन गोष्टी तुम्ही कुठे लिहिता? हातावर, समोरच्या बिलाच्या पाठीवर, व्हॉट्सॲपवर, की उघड्या असलेल्या कुठल्यातरी विंडोमध्ये? या प्रश्नाचं उत्तर मी बरीच वर्षं गांभीर्याने घेतलं नव्हतं. त्याची किंमत मोजल्यावर घेतलं, आणि म्हणून हा लेख.

मी सोलापुरात राहून सॉफ्टवेअरचं काम करतो. आमचं एक गिऱ्हाईक म्हणजे अक्कलकोट रोड एमआयडीसीतला टॉवेलचा कारखाना. त्यांच्या बिलिंगच्या प्रोग्रॅममध्ये बदल करायचा होता. मुनीम काकांनी फोनवर सांगितलं की निव्वळ वजन काढताना खोक्याबरोबर आतल्या प्लॅस्टिक पिशवीचंही वजन वजा करायचं, पण फक्त निर्यातीच्या मालाला. मी ते एका टेक्स्ट एडिटरच्या नव्या विंडोत टाइप केलं आणि सेव्ह न करता दुसऱ्या कामाला लागलो. रात्री लॅपटॉप अपडेट होऊन रीस्टार्ट झाला. सकाळी नोंद गायब. मग आठवणीवर भरवसा ठेवून बदल केला आणि 'फक्त निर्यातीच्या मालाला' हेच नेमकं विसरलो.

लोकल माल किलोवर विकला जातो. तीन दिवसांत २३ बिलं कमी वजनाची गेली. मग प्रत्येक व्यापाऱ्याला फोन, प्रत्येक बिलामागे डेबिट नोट. काकांनी शांतपणे त्यांची लाल वही उघडली. तारीख, वेळ, मला काय सांगितलं, सगळं एका ओळीत होतं. म्हणाले, "माझ्या वहीत हाय की बाळा, विचारायचं होतंस."

त्या वहीत जे गुण होते तेच सॉफ्टवेअरमध्ये शोधायचे, एवढंच खरं तर करायचं असतं.

झटपट नोंद म्हणजे काय?

आधी हे वेगळं करून घेऊ, कारण इथेच निवड चुकते. कामाच्या ठिकाणी आपण चार प्रकारचं लिहितो:

१. झटपट नोंद: फोनवर सांगितलेली गोष्ट, एखादा आकडा, एरर मेसेज. आयुष्य काही तास ते काही आठवडे.
२. करायच्या कामांची यादी: हिला तारीख आणि आठवण लागते.
३. कायमची माहिती: सर्व्हर कसा चालू करायचा, अमुक रिपोर्ट कसा काढायचा. ही टीमच्या सामायिक जागी हवी.
४. पासवर्ड आणि गुप्त माहिती: ही नोंदवहीत नकोच.

एकाच ॲपमध्ये चारही कोंबायला गेलं की आठवडाभर फोल्डर आणि रंग ठरवण्यात जातात आणि नोंद मात्र पुन्हा बिलाच्या पाठीवर होते. हा लेख फक्त पहिल्या प्रकाराबद्दल आहे.

निवडण्याआधी पाच चाचण्या

कुठलंही ॲप घ्या आणि या पाच गोष्टी स्वतः करून बघा. पंधरा मिनिटं पुरतात.

पहिली, वेग. लिहायचं मनात आल्यापासून पहिलं अक्षर पडेपर्यंत किती सेकंद लागतात? माझी मर्यादा तीन सेकंदांची. लॉगिन, लोडिंग, 'कुठल्या वहीत ठेवायचं?' असे प्रश्न आले की फोनवरचा माणूस पुढच्या मुद्द्यावर गेलेला असतो.

दुसरी, इंटरनेट बंद. वायफाय बंद करा आणि नवी नोंद लिहा. जुनी उघडून बघा. मी पुण्याला जाताना हुतात्मा एक्स्प्रेसमध्ये काम करतो, वाटेत नेटवर्क येतं-जातं. तिथे जे ॲप नुसतं गोल फिरत राहतं ते माझ्या उपयोगाचं नाही.

तिसरी, अचानक बंद. एक ओळ लिहा, सेव्ह करू नका, दहा सेकंद थांबा आणि टास्क मॅनेजरमधून ॲप बंद पाडा. पुन्हा उघडल्यावर ओळ दिसते का? माझी २३ बिलं या एका चाचणीत वाचली असती.

चौथी, मराठीत शोध. याबद्दल पुढे सविस्तर.

पाचवी, बाहेर पडण्याचा रस्ता. सगळ्या नोंदी एकदम बाहेर काढता येतात का, आणि त्या साध्या टेक्स्ट फाइलमध्ये मिळतात का? ही चाचणी लोक टाळतात. गूगल नोटबुक २००६ मध्ये आलं आणि २०१२ मध्ये बंद झालं. एव्हरनोट एकेकाळी नोंदींचं सगळ्यात गाजलेलं ॲप होतं. त्याने डिसेंबर २०२३ मध्ये फुकट वापरणाऱ्यांना ५० नोंदी आणि एक नोटबुक अशी मर्यादा घातली. ॲप बदलतात, कंपन्या विकल्या जातात. नोंदी आपल्या हातात असल्या की फार बिघडत नाही.

मराठीत शोधताना काय घोळ होतो?

समजा तुम्ही 'दुसऱ्या गोदामातला माल' असं लिहिलं. महिन्याने 'दुसऱ्या' शोधलं आणि ॲप म्हणालं, काही सापडलं नाही. शब्द तर डोळ्यांसमोर आहे!

कारण असं, की 'ऱ्या' मधला आडवा रफार दोन प्रकारे साठवला जातो. एका पद्धतीत खाली टिंब असलेला ऱ, मग हलन्त, मग य. दुसऱ्या पद्धतीत साधा र, हलन्त, त्यानंतर झिरो विड्थ जॉइनर नावाचं न दिसणारं अक्षर आणि मग य. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण कॉम्प्युटरच्या लेखी ते वेगळे शब्द आहेत. मोबाइलचा कीबोर्ड एक प्रकार टाकतो आणि ऑफिसच्या कॉम्प्युटरचा दुसरा, असं होऊ शकतं.

तीच गोष्ट 'ॲप' मधल्या ॲ ची. त्याला युनिकोडमध्ये २००८ पासून स्वतःची जागा आहे, पण अनेक कीबोर्ड अजून अ आणि वरची चंद्रकोर अशी दोन अक्षरं जोडून तो तयार करतात. आकड्यांचंही तसंच. ४५० मराठी आकड्यांत लिहिलं आणि इंग्रजी आकड्यांत शोधलं, तर साध्या एडिटरमध्ये सापडणार नाही.

उपाय सोपे आहेत. शोधताना अख्खा शब्द न टाकता तुकडा टाका, 'दुसऱ्या' ऐवजी 'दुस'. आकडे नेहमी एकाच पद्धतीने लिहा. शक्य असेल तर फोन आणि कॉम्प्युटर दोन्हीकडे एकाच प्रकारचा कीबोर्ड ठेवा.

आणि जुन्या फॉन्टमध्ये नोंदी अजिबात करू नका. कृतीदेवसारख्या फॉन्टमध्ये फाइलच्या आत इंग्रजी अक्षरंच साठवलेली असतात, फॉन्ट त्यांना फक्त मराठी रूप देतो. फॉन्ट नसलेल्या मशीनवर ती नोंद म्हणजे निव्वळ कचरा, आणि मराठी शब्द टाकून शोधणं तर विसराच. युनिकोडच वापरा.

पर्याय आणि कुणी काय घ्यावं

विंडोजचं नोटपॅड: याला हसू नका. विंडोज ११ मधलं नोटपॅड टॅब देतं आणि सेटिंग बदललेली नसेल तर सेव्ह न केलेला मजकूरही पुढच्या वेळी परत दाखवतं. जुन्या विंडोजमधलं तसं करत नाही, तिथे सांभाळून. एफ ५ दाबलं की तारीख आणि वेळ आपोआप पडते. आणखी एक जुनी युक्ती: फाइलच्या पहिल्या ओळीत टिंब आणि त्याला लागून कॅपिटलमध्ये एल, ओ, जी ही अक्षरं लिहून सेव्ह करा. मग ती फाइल उघडाल तेव्हा शेवटी त्या क्षणाची तारीख-वेळ स्वतःहून लिहिली जाते. फुकटात तारखेची वही तयार.

नोटपॅड प्लस प्लस: २००३ पासूनचं, फुकट आणि मुक्त स्रोत. मूळ सेटिंगनुसार न सेव्ह केलेल्या टॅबची प्रत दर ७ सेकंदांनी बाजूला ठेवतं. एका फोल्डरमधल्या सगळ्या फाइलींत एकदम शोधता येतं. ज्यांचं काम कॉम्प्युटरवरच चालतं त्यांना उत्तम. मोबाइलवर मात्र नाही.

गूगल कीप: २०१३ मध्ये आलं. फोन आणि ब्राउझर दोन्हीकडे लगेच उघडतं. फोटो आणि आवाजाची नोंदही घेतं. जीबोर्डवर मराठीत बोलून टाइप करता येतं, त्यामुळे टाइप करायचा कंटाळा असलेल्यांना सोयीचं. गूगल टेकआउटमधून नोंदी बाहेर काढता येतात. दोन-चारशे नोंदी झाल्या की मात्र बाजार भरल्यासारखं वाटतं. लेबल लावायची सवय हवी.

वननोट: ऑफिसमध्ये मायक्रोसॉफ्टची खाती असतील तर हा सरळ पर्याय. विंडोज, ऑल्ट आणि एन एकत्र दाबलं की कुठूनही कोरी नोंद उघडते. चित्र, तक्ता, स्क्रीनशॉट सगळं एका पानावर ठेवता येतं. दोष एवढाच की सगळं साध्या टेक्स्टमध्ये बाहेर काढणं सोपं नाही.

ऑब्सिडियन: प्रत्येक नोंद म्हणजे तुमच्या डिस्कवरची साधी मार्कडाउन फाइल. ॲप उद्या बंद पडलं तरी फाइली नोटपॅडमध्ये उघडतील. फेब्रुवारी २०२५ पासून ऑफिसच्या कामासाठीही वेगळं लायसन्स घेणं सक्तीचं नाही. धोका एकच: प्लगइन आणि थीमच्या नादाला लागलात तर नोंदी राहतात बाजूला. मी स्वतः एक पूर्ण रविवार त्यात घालवला आहे.

जॉप्लिन: मुक्त स्रोत, फोनवरही चालतं. वनड्राइव्ह, ड्रॉपबॉक्स किंवा ऑफिसच्या नेक्स्टक्लाउडवर सिंक होतं. एंड-टू-एंड एन्क्रिप्शन आहे, पण ते आपण स्वतः चालू करावं लागतं.

व्हॉट्सॲपवर स्वतःलाच मेसेज: नोव्हेंबर २०२२ मध्ये ही सोय अधिकृतपणे आली आणि आपल्याकडे सर्वाधिक वापर बहुतेक याचाच होत असेल. वेगात याला तोड नाही. पण फोन बदलताना बॅकअप नीट झाला नाही तर सगळं गेलं, आणि ऑफिसची माहिती खासगी फोनमध्ये राहते ते वेगळंच. याला तात्पुरती पाटी समजा. संध्याकाळी तिथलं उचलून खऱ्या वहीत घाला.

सुरक्षितता: हे वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका

ऑफिसच्या नोंदीत गिऱ्हाइकाचं नाव, फोन नंबर, दर असतात. ते तुमच्या खासगी खात्यात गेले तर नोकरी सोडताना ते तुमच्याबरोबर जातात, आणि खातं कुणी फोडलं तर गिऱ्हाइकाची माहितीही गेली. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात पुरेशी सुरक्षा न ठेवणाऱ्या संस्थेला २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. म्हणून ॲप टाकण्याआधी ऑफिसमध्ये एक साधा मेल करा: 'हे वापरू का?' उत्तर लेखी ठेवा.

पासवर्ड नोंदीत लिहू नका. त्यासाठी बिटवॉर्डन किंवा कीपासएक्ससी वापरा. नोंदीत फक्त 'पासवर्ड तिजोरीत आहे' एवढंच.

मी काय करतो

माझ्याकडे एकच फोल्डर आहे, ऑफिसच्या वनड्राइव्हमध्ये. त्यात महिन्याची एक टेक्स्ट फाइल. लॅपटॉप सुरू झाला की ती आपोआप उघडते. प्रत्येक नोंदीचे चार भाग, थेट मुनीम काकांच्या वहीतून उचललेले:

१२ तारीख, ११.२० | मुनीम काका, फोन | पिशवीचं वजन वजा, फक्त निर्यात | आज बदलून त्यांना दाखवणे

कधी, कुणी, काय, पुढे काय. शेवटचा भाग रिकामा राहिला तर बहुधा मी नीट ऐकलेलं नसतं, मग लगेच परत फोन करतो. शुक्रवारी संध्याकाळी दहा मिनिटं बसून आठवड्याच्या नोंदी वाचतो. झालेल्यांपुढे टिक, कायमच्या उपयोगाचं टीमच्या पानावर, बाकी आहे तिथेच.

जागेची चिंता नको. यूटीएफ-८ मध्ये एका देवनागरी अक्षरखुणेला ३ बाइट लागतात. रोज २,००० खुणा लिहिल्या आणि वर्षात २५० दिवस काम केलं, तरी वर्षाच्या नोंदी दीड एमबीच्या आसपास. मोबाइलवर काढलेला एक फोटो याहून मोठा असतो.

थोडक्यात

फक्त कॉम्प्युटरवर काम असेल तर नोटपॅड प्लस प्लस किंवा विंडोज ११ चं नोटपॅड. दिवसभर फिरतीवर असाल तर गूगल कीप, ऑफिसची परवानगी असेल तर. ऑफिस मायक्रोसॉफ्टवर असेल तर वननोट. नोंदी दहा वर्षं टिकवायच्या असतील तर ऑब्सिडियन किंवा जॉप्लिन. आणि ठरवायलाच जमत नसेल तर आत्ता जे उघडं आहे त्यावर वरची तिसरी चाचणी करा. पास झालं तर महिनाभर तेच वापरा आणि मग ठरवा.

काकांची वही अजून चालू आहे. आता मोठा बदल असला की ते ओळ लिहितात, पानाचा फोटो काढून मला पाठवतात, मी माझ्या फाइलमधली ओळ त्यांना वाचून दाखवतो आणि दोन्ही जुळल्याशिवाय प्रोग्रॅमला हात लावत नाही. दोन मिनिटं जातात, पण तेव्हापासून पुन्हा डेबिट नोट काढावी लागलेली नाही.