फुलांना नावे ठेवताना

इंग्लंडमध्ये ऐन हिवाळ्यात, जमिनीवर बर्फ असतानाच, स्नोड्रॉप नावाचे एक फूल उमलते. वीतभर उंचीचा दांडा आणि त्याच्या टोकाशी मान खाली घालून लोंबणारे एकच पांढरे फूल. बाहेरच्या तीन पाकळ्या मोठ्या, आतल्या तीन आखूड, आणि आतल्या पाकळ्यांवर हिरवी खूण. लिनियसने 1753 मध्ये या कुळाला ‘गॅलँथस’ म्हणजे दूधफूल असे नाव दिले. रानात याच्या जाती जेमतेम विसेक. बागांमध्ये मात्र शेकडो वाण नावारूपाला आले आहेत. कोणाची खूण हिरवीऐवजी पिवळी, कोणाच्या पाकळ्या दुहेरी, कोणाचा हिरवा रंग बाहेरच्या पाकळ्यांवर उतरलेला. हा फरक पाहायचा तर माणसाला जमिनीपर्यंत वाकावे लागते. तेथील पुष्पप्रदर्शनांतून असे वाकून पाहणाऱ्या रसिकांचा एक पंथच आहे. 1891 मध्ये लंडनच्या रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीने केवळ या एका फुलासाठी परिषद भरवली होती. 2022 मध्ये ‘गोल्डन टिअर्स’ नावाच्या वाणाचा एकच कंद लिलावात 1850 पौंडांना गेला.

एवढ्याशा कंदाची ही किंमत पाहून हसू येणे स्वाभाविक आहे. परंतु साहित्याच्या अभ्यासकांनी या छंदाकडे थोडे गंभीरपणे पाहावे, असे आम्हांस वाटते. किमतीची गोष्ट बाजूला ठेवली तर उरते ती एक भाषिक कृती. हजार सारख्या फुलांत एक वेगळे आहे हे कोणाच्या तरी ध्यानात येते. तो कंद जपला जातो. इतर जाणकार तो फरक मान्य करतात. आणि मग त्याला नाव मिळते. ज्याला नाव नाही त्याची चर्चा होत नाही, आणि ज्याची चर्चा होत नाही ते जपलेही जात नाही. पाहणे, सांगणे आणि जपणे यांची ही साखळी आपल्याकडे कशी घडली, हा प्रश्न सातारा आणि सांगली या दोन शेजारी जिल्ह्यांच्या संदर्भात तपासण्यासारखा आहे.

सातारा जिल्ह्यात स्नोड्रॉप उगवत नाही. त्याच्या तोडीचे नवल मात्र येथे आहे. पावसाळ्यात सह्याद्रीच्या कड्यांवर व गवताळ उतारांवर कंदीलफुले उमलतात. शास्त्रीय भाषेत हे ‘सेरोपेजिया’ कूळ. हेही नाव लिनियसचेच. जमिनीत कंद, वर नाजूक वेल किंवा सरळ दांडा, आणि फूल म्हणजे खाली फुगीर, मध्ये नळीसारखे निमुळते व वर पाच पाकळ्यांची टोके जुळून झालेला पिंजरा. हुबेहूब जुन्या घरातला टांगता कंदील. या कंदिलात बारीक माश्या शिरतात. नळीच्या आतील केस खालच्या दिशेने वळलेले असल्याने त्यांना परत फिरता येत नाही. काही काळाने केस कोमेजतात, फूल कलते आणि माशी परागांचे गाठोडे घेऊन सुटते. भारतात या कुळाच्या पन्नासहून अधिक जाती आहेत. त्यांतील अनेक केवळ सह्याद्रीत आणि काही तर दोन-चार डोंगरांपुरत्याच आढळतात.

या फुलांच्या नोंदींचा इतिहास हा पश्चिम भारतातील वनस्पतिशास्त्राचाच इतिहास आहे. जॉन ग्रॅहॅमची मुंबई इलाख्यातील वनस्पतींची यादी 1839 मध्ये छापली गेली. पुण्याजवळच्या दापोडीच्या सरकारी बागेचे अधीक्षक अलेक्झांडर गिब्सन यांनी डाल्झेल यांच्यासमवेत 1861 मध्ये ‘बॉम्बे फ्लोरा’ सिद्ध केला. पुण्याच्या सायन्स कॉलेजचे प्राचार्य थिओडोर कुक यांचा बृहद्ग्रंथ 1901 ते 1908 या काळात प्रकाशित झाला. पुढे फादर ब्लॅटर आणि चार्ल्स मॅकॅन यांनी त्याची उजळणी केली, आणि पाचगणीवरून एका कंदीलफुलाला ‘पंचगणीएन्सिस’ असे नाव दिले. स्वातंत्र्यानंतर एम. वाय. अन्सारी यांनी या कुळाचा ध्यास घेतला व 1984 मध्ये त्यावरील त्यांचा प्रबंधग्रंथ प्रसिद्ध झाला. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात डॉ. एस. आर. यादव व त्यांच्या सहकाऱ्यांनी दुर्मीळ कंदीलफुले वाढवून जतन करण्याचे काम केले.

आता या जातींची नावे वाचावीत. लॉयाय, इव्हान्साय, ह्युबेराय, मॅकॅन्नाय, संतापाउई, महाबळेई, जैनियाय, नूरजहानी, सह्याद्रिका. इंग्रज सनदी अधिकारी, जर्मन अभ्यासक, स्पॅनिश धर्मगुरू, पुण्याचे महाबळे, पाचगणीच्या फुलाला मिळालेले नूरजहाँ हे नाव आणि शेवटी खुद्द सह्याद्री. ही नामावळी एखाद्या संमेलनाच्या निमंत्रितांच्या यादीसारखी आहे. स्नोड्रॉपच्या वाणांनाही अशीच माणसांची आणि गावांची नावे असतात. फरक इतकाच की ती नावे ज्या भाषेत घरी बोलले जाते त्याच भाषेत उच्चारली जातात. आपली नामावळी लॅटिनमध्ये बंद आहे.

मग मराठीत काय होते? मराठीत खरपुडी होती, हमण होती, पाताळतुंबडी होती. ही नावे फुलाकडे वाकून पाहणाऱ्यांनी दिलेली नाहीत. ती कंद उकरणाऱ्यांनी दिलेली आहेत. डोंगरात गुरे राखणारी पोरे हे कंद काढून खात आली आहेत. ‘पाताळतुंबडी’ या शब्दात दृष्टी जमिनीच्या खाली आहे, कंदिलावर नाही. यात कमीपणा काहीच नाही. भूक हीदेखील एक वर्गीकरणपद्धती आहे, आणि कोणता कंद गोड व कोणता कडू हे सांगणारे ज्ञान कोणत्याही ग्रंथाइतकेच काटेकोर असते. परंतु या पद्धतीत दोन खाद्य कंदांच्या फुलांमधील भेद नोंदवण्याचे कारण पडत नाही. म्हणून जेथे लॅटिनमध्ये दहा नावे आहेत तेथे मराठीत एका खरपुडीवर भागले.

यावरून मराठी माणसाला बारीक भेद पाहण्याची नजरच नाही असा निष्कर्ष कोणी काढला, तर त्याला सांगलीकडे न्यावे. तासगाव तालुक्यातील बोरगावचे वसंतराव आर्वे यांनी आपल्या बागेत थॉम्पसन सीडलेस या द्राक्षाचा एक वेगळा वाण हेरला. त्याचे मणी मूळ वाणापेक्षा लांबट होते. त्यांनी तो जपला, कलमांनी वाढवला, आणि त्याचे नाव झाले ‘तास-ए-गणेश’. थॉम्पसन हे कॅलिफोर्नियातील एका बागायतदाराचे नाव. त्याच्या नावाने आलेल्या वेलीतून निघालेला वाण तासगावचे आणि गणपतीचे नाव घेऊन महाराष्ट्रभर गेला. सोलापूर जिल्ह्यातील नान्नजच्या नानासाहेब काळे यांनी असाच ‘सोनाका’ पुढे आणला.

ही हकिगत स्नोड्रॉपच्या हकिगतीशी तंतोतंत जुळते. हजारोंतील एक वेगळे ओळखणे, ते निराळे वाढवणे, त्याला जवळचे नाव देणे. सारे टप्पे तेच. आणि तासगावच्या बागेत भाषा किती समृद्ध आहे! काडी, घड, मणी, फुगवण, विरळणी, खरड छाटणी, फळछाटणी. जेथे माणसाचे पोट आणि पत गुंतलेली असते तेथे मराठी नवे शब्द घडवते, परके शब्द वळवून घेते आणि कोणाची परवानगी मागत नाही. तेव्हा उणीव नजरेची नाही. निरुपयोगी वस्तूकडे तीच नजर वळवण्याची सवय आपल्या भाषेला कमी आहे.

अर्थात ही सवय मुळीच नाही असेही म्हणता येणार नाही. कासच्या पठारावर पाणथळ जागी उमलणाऱ्या निळ्याजांभळ्या फुलांना ‘सीतेची आसवे’ म्हणणारा कोणी तरी कवीच असला पाहिजे. वास्तविक ती वनस्पती कीटकभक्षी आहे. ‘डिपकाडी’ हे तर शास्त्रीय नाव. कंदातून उगवून पांढऱ्या घंटा लोंबवणारी, स्नोड्रॉपची आठवण करून देणारी तिची एक जात कोकणातील सड्यांवर आहे. मराठी कानाने त्या परक्या शब्दाची ‘दीपकाडी’ केली. साताऱ्याचे नाव शास्त्रात नेणारे, 1982 मध्ये वर्णिलेले ‘अपोनोजेटॉन सातारेन्सिस’ मराठीत वायतुरा झाले. त्याचा तुरा दुभंगलेला असतो, आणि नावात इंग्रजी ‘वाय’ अक्षर डोकावल्यासारखे वाटते. नावे अशीही घडतात.

2012 मध्ये युनेस्कोने पश्चिम घाटातील 39 स्थळांना जागतिक वारशाचा दर्जा दिला. त्यांतील चार महाराष्ट्रातील. कास त्यांपैकी एक, आणि सांगलीपर्यंत पसरलेले चांदोली दुसरे. त्यानंतर जांभ्या दगडावरील मातीच्या पातळ थरात फुलणाऱ्या कासच्या पठारावर गर्दी इतकी लोटली की दिवसाला तीन हजार माणसांची मर्यादा घालावी लागली. कुंपण आले, चराई थांबली. आणि गुरे बंद झाल्याने गवत माजून फुलेच कमी होतात की काय, असा वाद सुरू झाला. या वादात एक गोष्ट अनुल्लेखित राहते. ज्यांची गुरे पठारावरून गेली, त्यांच्याबरोबर तेथील नावेही जातात. पिवळ्या ‘कवल्या’ची कोवळी पाने भाजी म्हणून खुडली जात. आज त्याच कुळातील फुलापुढे छायाचित्रासाठी वाकणारा पाहुणा त्याला ‘मिकी माऊस’ म्हणतो. आम्ही या नव्या नावाला नावे ठेवणार नाही. पाकळ्यांचा आकार पाहता ते चपखल आहे, आणि पाहून ठेवलेले आहे. मात्र कवला विसरून ते येऊ नये.

श्रीकांत इंगळहळीकर यांनी 2001 मध्ये सह्याद्रीच्या फुलांचे सचित्र पुस्तक काढून सामान्य वाटसरूच्या हाती ओळखीचे साधन दिले. दुर्गाबाई भागवतांचे ‘ऋतुचक्र’ (1956) आपण वर्गात शिकवतो, पण त्याचे बोट धरून किती विद्यार्थी वर्गाबाहेर जातात? सातारा-सांगलीच्या प्रत्येक महाविद्यालयात डोंगराकडच्या वाड्यांतून आलेली मुले असतात. घरी आजीला खरपुडी कोठे मिळते, ती किती प्रकारची, कोणती खावी आणि कोणती सोडावी, हे विचारून त्यांनी लिहून आणावे. वनस्पतिशास्त्राच्या सहकाऱ्यांनी त्यांपुढे शास्त्रीय नाव लिहावे. कंद मात्र कोणी उकरू नये. मराठी विभागाला याहून स्वस्त आणि याहून निकडीचा प्रकल्प आम्हांस तरी दिसत नाही, कारण ज्यांना ही नावे ठाऊक आहेत त्यांची वये आता सत्तरीच्या पुढे आहेत.