बंब, वाघ आणि कार्यकर्ते

२००६ साली मी न्यू जर्सीतल्या एका छोट्या गावात ऑनसाइट होतो. आमच्या टीममध्ये टेस्टिंग करणारा एक पन्नाशीचा अमेरिकन गृहस्थ होता. एकदा ऐन रिलीजच्या मीटिंगमध्ये त्याच्या कमरेचा पेजर वाजला आणि हा बाबा एक अक्षर न बोलता उठून पळत सुटला. मला वाटलं, घरी काहीतरी झालं असणार. दोन तासांनी परत आला तर अंगाला धुराचा वास. गावात कुणाच्या तरी स्वयंपाकघराला आग लागली होती आणि हे महाशय तिथले फायरमन! पगार शून्य. मॅनेजरसकट कुणीही चकार शब्द काढला नाही. "अठराव्या वर्षी लागलो, माझी पहिली नोकरी हीच. बाकीच्या सगळ्या पोटासाठी," असं तो म्हणायचा.

मला हे फारच अजब वाटलं. आपल्याकडे आग लागली की १०१ फिरवायचा, पुढचं सरकार बघेल. अमेरिकेत मात्र २०२० च्या आकडेवारीनुसार साधारण १० लाख ४१ हजार फायरमन होते आणि त्यातले ६ लाख ७७ हजारांच्या आसपास बिनपगारी. म्हणजे तीनात दोन. हे आलं कुठून म्हणून वाचायला घेतलं आणि त्यात जो अडकलो तो अडकलोच.

सुरुवात बहुतेक जण बेंजामिन फ्रँकलिनपासून करतात, तशी आपणही करू. याची पहिली नोकरी बापाच्या मेणबत्तीच्या दुकानात. वय वर्षं दहा, काम वाती कापायच्या आणि साचे भरायचे. त्याला ते अजिबात आवडलं नाही. बाराव्या वर्षी थोरल्या भावाच्या छापखान्यात उमेदवारी, आणि १७२३ मध्ये, सतराव्या वर्षी तिथून पळून फिलाडेल्फिया. पुढे स्वतःचं वर्तमानपत्र हाती आल्यावर १७३५ मध्ये त्याने त्यात आगीविषयी एक पत्र छापलं. लिहिलं स्वतःच, पण सोंग एका म्हाताऱ्या नागरिकाचं! (टोपणनावाने लिहिण्याची खोड आपल्या ब्लॉगवाल्यांची नाही, जुनी आहे.) ७ डिसेंबर १७३६ ला 'युनियन फायर कंपनी' उभी राहिली. जेमतेम तीस सभासद. प्रत्येकाने चामड्याच्या बादल्या आणि जळत्या घरातलं सामान भरून काढायला मजबूत पिशव्या तयार ठेवायच्या. महिन्यातून एकदा भेटायचं. जो येणार नाही त्याला दंड, आणि दंडाच्या पैशातून बंब, शिड्या, आकडे घ्यायचे. तीसच्या वर लोक यायला लागले तेव्हा फ्रँकलिन आणि मंडळींनी सांगितलं, तुम्ही तुमची वेगळी कंपनी काढा. अशा कंपन्या वाढत गेल्या.

हे वाचताना मला आपली गणेश मंडळंच दिसायला लागली. आणि खरी गंमत पुढेच आहे. शंभर वर्षांनी, १८४० च्या सुमाराला, न्यू यॉर्क आणि फिलाडेल्फियातल्या या कंपन्यांचं खरंच मंडळ झालं होतं. प्रत्येकीचा बंब रंगवलेला, चित्रं काढलेला, पितळ लखलखतंय. लाल शर्ट, मिरवणुका, दुसऱ्या गल्लीच्या कंपनीशी जुनं वैर. सभासद म्हणजे खाटीक, सुतार, छापखान्यातली पोरं. न्यू यॉर्कमध्ये पगार नसला तरी ज्यूरीच्या कामातून आणि मिलिशियाच्या कवायतीतून सूट मिळायची. पण पोरं त्यासाठी येत नव्हती. पोरं येत होती बंबासाठी.

बंब कसा चालायचा ते सांगतो, म्हणजे वैर समजेल. दोन्ही बाजूंना लांब आडवे दांडे, त्यांना माणसं लटकलेली, एक बाजू खाली की दुसरी वर. मिनिटाला ६० हिसके हा नेहमीचा वेग. चढाओढ लागली की तो दुप्पट व्हायचा आणि मग दांड्यावरची माणसं काही मिनिटांत बदलावी लागायची. पाणी लांब असेल तर बंब ओळीने लावत, पहिला नदीतून ओढून दुसऱ्यात सोडणार, दुसरा तिसऱ्यात. आता मागच्याने जोर काढला आणि पुढच्याला तेवढं पाणी पुढे ढकलता आलं नाही, तर त्याची टाकी भरून वाहायची. याला म्हणत बंब 'धुतला गेला'. भर रस्त्यात, अख्ख्या पेठेसमोर! कंपनीचं नाक कापलं. म्हणजे आग राहिली बाजूला, शर्यत आपसातच. रस्त्यावरच्या नळाचा ताबा आपल्याकडे राहावा म्हणून एखादा पोरगा आधीच धावत जाऊन नळावर पिंप पालथं घालून त्यावर बसायचा. आपला बंब येईपर्यंत हलायचं नाही. मग हाणामारी. घर जळतंय.

याच लोकांना नुसते गुंड म्हणून सोडून देणं मात्र मला पटत नाही. १६ डिसेंबर १८३५ च्या रात्री न्यू यॉर्कला जी आग लागली तेव्हा थंडी होती उणे २७ सेल्सिअसच्या आसपास. नदी गोठलेली. बर्फ फोडून पाणी काढलं तर ते पाइपातच गोठायचं. शेवटी सुरुंगाची दारू लावून इमारती उडवल्या तेव्हा आग थांबली. जवळजवळ ७०० इमारती गेल्या. तसल्या थंडीत रात्रभर दांडे मारणारे हे सगळे फुकट राबत होते.

पण फुकटात एक मोठी गोची असते. पगार नाही त्याला नोकरीवरून काढणार कसं? १८३६ मध्ये नगरपालिकेने चीफ इंजिनियर जेम्स गुलिकला काढलं. बातमी एका आगीच्या जागेवरच फुटली. पोरांनी तिथल्या तिथे काम थांबवलं आणि गुलिकची मनधरणी करून त्याला पुढे उभं केल्यावरच पाणी सुरू झालं. पुढे शेकडो जणांनी राजीनामे दिले. गुलिक साहेब त्याच वर्षी निवडणुकीला उभे राहिले आणि दणदणीत मतांनी आले. शहराच्या नाड्या कुणाच्या हातात आहेत ते सगळ्यांना कळलं.

हे नीट कळलेल्यांपैकी एक म्हणजे विल्यम ट्वीड. शाळा अकराव्या वर्षी सुटली. मग बापाकडे खुर्च्या बनवणं, खोगीर बनवणाऱ्याकडे उमेदवारी, ब्रशच्या कारखान्यात हिशेब लिहिणं. पण माणूस घडला तो 'अमेरिकस' कंपनी क्रमांक ६ मध्ये. आडदांड शरीर, हजारभर नावं तोंडपाठ, फोरमन झाला. बंबावर चित्र होतं दात विचकणाऱ्या वाघाचं. १८५० मध्ये चीफ इंजिनियरने याच्यावर ठपका ठेवला, की कुऱ्हाडी घेऊन दुसऱ्या कंपनीवर चालून गेला. आपल्याला पुढचं सांगायला नकोच... त्याच वर्षी निवडणुकीला उभा राहिला, पडला; १८५१ मध्ये निवडून आला. मंडळाचा कार्यकर्ता, मग नगरसेवक. पुढे 'बॉस' ट्वीड.

तोवर तिकडे सिनसिनाटीत १८५३ मध्ये वाफेचा बंब रस्त्यावर आला. (मराठीत पाणी तापवायचा तोही बंब आणि आग विझवायचा तोही बंब. हे यंत्र खरोखर दोन्ही होतं.) त्याच वर्षी १ एप्रिलला शहराने पगारी दल सुरू केलं. त्याचा पहिला प्रमुख माइल्स ग्रीनवूड याच्या नावावर एक किस्सा सांगतात: यंत्र दारू पीत नाही, विटा फेकत नाही, फक्त त्याला मत देता येत नाही एवढाच दोष. दांड्यावरच्या चाळीस माणसांचं काम आता तीन-चार जण करणार म्हटल्यावर चाळीसांचं मंडळ कशाला लागतं?

न्यू यॉर्क आणखी बारा वर्षं थांबलं. १३ जुलै १८६३ ला सक्तीच्या लष्करभरतीची सोडत चालू होती. आपली जुनी सूट या भरतीत चालत नाही म्हणून भडकलेल्या 'ब्लॅक जोक' कंपनी क्रमांक ३३ च्या लोकांनी ते भरतीचं ऑफिस फोडलं आणि पेटवून दिलं. आग विझवणाऱ्यांनी आग लावली. पुढचे काही दिवस शहर दंगलीत होरपळलं आणि जमावाने काळ्या लोकांना वेचून मारलं. दुसऱ्या अनेक कंपन्या त्याच दंगलीत जमावाच्या विटा खात आगी विझवत होत्या, हेही खरं. १८६५ मध्ये कायदा झाला आणि न्यू यॉर्कचं दल पगारी झालं. पहिला प्रमुख एलिशा किंग्सलंड, आणि तो जुना बिनपगारीच.

ते पगारी दल होतं राज्य सरकारच्या हाताखाली. १८७० मध्ये ट्वीडने स्वतःच्या सोयीचा शहराचा नवा कायदा पास करून घेतला, त्यात दल परत शहराकडे आणलं आणि त्याचं नाव झालं 'फायर डिपार्टमेंट ऑफ द सिटी ऑफ न्यू यॉर्क'. आज टी-शर्टवर दिसणारी एफडीएनवाय ही अक्षरं तिथली. पुढच्याच वर्षी व्यंगचित्रकार थॉमस नास्टने ट्वीडच्या भ्रष्टाचारावर जो हिंस्र वाघ काढला, तो त्याच्या जुन्या बंबावरचा. करोडोंची लूट बाहेर आली आणि १८७८ मध्ये ट्वीड तुरुंगात मेला. पक्षाच्या कार्यालयाला, टॅमनी हॉलला, तो वाघ मात्र कायमचा चिकटला.