रंगवलेल्या बेस गिटारचं वय कसं काढायचं?

दिवाळीत घिवलीला घरी गेले होते. शेजारच्या काकांनी हाक मारली, "तू वाळूचं वय काढतेस ना? मग हिचं पण काढून दे." खाटेवर एक लालभडक बेस गिटार ठेवलेली होती.

काका तरुणपणी ऑर्केस्ट्रात बेस वाजवायचे. २०१६ मध्ये त्यांच्या मुलाने ती बोईसरच्या एका गॅरेजमधून गाडीसारखी रंगवून आणली. त्यात वरच्या टोकावरचं कंपनीचं नावही पुसलं गेलं. आता नातवाची फी भरायची म्हणून ती विकायला काढली होती. मुंबईचं गिऱ्हाईक म्हणालं, "फेंडर असेल आणि १९६५ च्या आधीची असेल, तर चांगले पैसे देतो." १९६५ च्या जानेवारीत सीबीएसने फेंडर कंपनी विकत घेतली. त्याआधीच्या वाद्यांना संग्राहक जास्त किंमत देतात.

काकांना वयाची खात्री होती. "ॲटॉमिक सुरू झालं त्या वर्षी नवरात्रात मी हीच वाजवली. तेव्हाच ती जुनी होती." तारापूरचं अणुवीज केंद्र सुरू झालं १९६९ मध्ये. म्हणजे हिशोब जुळण्यासारखा होता.

नातवाने लगेच विचारलं, "ताई, कार्बन डेटिंग कर ना." इथे थोडं थांबू या. १९५० आणि ६० च्या दशकांतल्या अणुचाचण्यांमुळे हवेतला कार्बन-१४ १९६३ च्या आसपास जवळजवळ दुप्पट झाला होता. त्यामुळे त्या काळातलं लाकूड ओळखता येतं हे खरं. पण त्यातून कळतं ते झाडाचं वय. झाड कधी तोडलं, फळी किती वर्षं पडून होती, गिटार कधी बनली, यातलं काहीच कळत नाही.

माझ्या पीएचडीतही रोज हाच प्रश्न असतो. किनाऱ्यावरचा क्वार्ट्झचा कण कोट्यवधी वर्षांचा असू शकतो. मी मोजते ते त्याने शेवटचं ऊन कधी पाहिलं ते. कण गाडला गेला की आजूबाजूच्या किरणोत्सर्गाने त्याच्यात थोडी थोडी ऊर्जा साठत जाते. ऊन लागलं की ती रिकामी होते आणि घड्याळ पुन्हा शून्यावर येतं. म्हणून नमुना अंधारात घ्यावा लागतो. गिटारची दुरुस्ती म्हणजे असंच ऊन. जो भाग बदलला, त्याचं घड्याळ शून्यावर. म्हणून आधी विचारायचं, कुठल्या भागाला ऊन लागलेलं नाही?

स्क्रू काढले. मानेमागच्या धातूच्या पट्टीवर नंबर होता. फेंडर १९७६ पर्यंत साधारण तिथेच नंबर टाकत असे, पण चार स्क्रू काढले की पट्टी बदलता येते. तो पुरावा बाजूला ठेवला. मानेच्या बुडाशी कारखान्याचा तारखेचा शिक्का असतो, पण इथे कोणीतरी पॉलिश पेपर मारून ठेवला होता.

मग आवाजाच्या आणि टोनच्या बटणांखालचे तीन पॉट बघितले. अमेरिकन पॉटवर आकडे कोरलेले असतात. पहिले तीन बनवणाऱ्याचे, पुढचे दोन वर्षाचे, शेवटचे दोन आठवड्याचे. दोन पॉटवर एकच आकडा होता, १३७७४३२. १३७ म्हणजे सीटीएस कंपनी, ७४ म्हणजे १९७४, ३२ म्हणजे बत्तिसावा आठवडा, म्हणजे ऑगस्ट. तिसऱ्यावर काहीच नव्हतं आणि त्याचा डाग ताजा होता. तो नंतर बदललेला. पण दोघांचा डाग जुना, एकाच हाताचा, कधीही न उकललेला दिसत होता.

म्हणजे ही जुळणी ऑगस्ट १९७४ च्या आधीची नाही. नंतरची असू शकते, कारण माल पडून राहतो. फेंडरने १९६६ मध्ये पॉटचा इतका साठा केला होता, की त्यांच्या १९६९ च्या गिटारीतही १९६६ चे पॉट सापडतात. दुसरी बाजू एका फोटोने बांधली. गणपतीच्या मंडपात काका, मागे कापडी फलकावर १९७८, हातात हीच गिटार. वरच्या टोकावरचा सिगारेटचा चटका रंगाखाली अजून हाताला लागतो.

१९७४ ते १९७८. काका गप्प झाले. "मग एकोणसत्तरला मी काय वाजवलं?"

मला वाईट वाटलं. क्षणभर वाटलं, मानेचा शिक्का नाहीच म्हणून सांगावं आणि विषय सोडावा. पण तो आकडा गिऱ्हाइकानेही वाचलाच असता.

तेवढ्यात मान बसते त्या खाचेत घडी घातलेला जाड कागद दिसला. मानेचा कोन नीट करायला दिलेलं टेकण. लग्नपत्रिकेचा तुकडा होता तो. त्यावर 'ता. पालघर, जि. ठाणे' आणि पुढे ४०१, बाकी फाटलेलं. पिनकोड आला १५ ऑगस्ट १९७२ ला, आणि पालघर जिल्हा वेगळा झाला १ ऑगस्ट २०१४ ला. मला एवढीच बेचाळीस वर्षांची खिडक मिळाली. काकूंनी मात्र चष्मा न लावताच सांगितलं, "अगो, ही आमच्या नणंदेची पत्रिका. अठ्ठ्याऐंशीची." आतून दुसरी पत्रिका काढून शेजारी ठेवली. तोच गणपती, तीच वेल. म्हणजे मान १९८८ मध्ये किंवा त्यानंतर उघडली होती.

म्हणजे आठवणी टाकाऊ नसतात. त्याही गिटारसारख्याच असतात, काही भाग मूळचे, काही मागाहून बसवलेले. कुठला कुठल्या वर्षाचा, ते तपासावं लागतं.

जाहिरातीत आम्ही एक आकडा लिहिला नाही. लिहिलं असं: जुळणी १९७४ ते १९७८, एक पॉट बदललेला, मान १९८८ नंतर उघडलेली, रंग २०१६ चा, कंपनीची खात्री नाही. ते गिऱ्हाईक पुन्हा आलं नाही. गिटार अजून खाटेवरच आहे, आणि फीचं काय करायचं ते बघतायत.

परवा काकांचा फोन आला. "अगं, आठवलं. त्या वर्षी मी कोंगो वाजवत होतो. बेस दुसऱ्याचा होता. मी नुसता बघत बसायचो."